अंगणवाड्या शाळेला जोडल्या म्हणजे बालशिक्षण सुधारेल?

ऋजुता
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "अंगणवाडी म्हणजे खिचडीवाटप. तीन ते सहाची मुलं उचलून झेडपी शाळेला जोडा, सहा महिन्यांत मुळाक्षरं येतील." त्याखाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली. ती बघून राहवलं नाही.

अंगणवाडीत शिकवणं कमी होतं, मान्य. पण का होतं? एक सेविका आणि एक मदतनीस. १९७५ पासून आयसीडीएसच्या, म्हणजे एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या, सहाही सेवा त्या एकीच्या गळ्यात : आहार, लसीकरण, तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं), आयांचं आहार-आरोग्य शिक्षण आणि उरलंच तर पूर्वप्राथमिक. गोष्ट रंगात आली की टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, घ्यायला कुणी दारात उभं राहतं, नाहीतर नर्सबाई यादी मागतात. गोष्ट तुटली की तीन वर्षांचं मूल उठून जातं, आणि एक उठलं की पाच उठतात.

तमिळनाडूत ३२० केंद्रांवर अभ्यास झाला. त्यातल्या काही केंद्रांना फक्त बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ कार्यकर्ती जादा दिली. दीड वर्षानंतर शिकवण्याचा वेळ दुप्पट आणि भाषा-गणित दोन्हींत मुलं पुढे. शिवाय कुपोषणही घटलं, कारण जुन्या सेविकेला त्या कामाला हात मोकळा मिळाला. इमारत बदलली नव्हती.

खडूफळा
माणूस वाढवून गुणवत्ता येत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा आहे. मग पहिली तीन वर्षं एका खात्याकडे आणि पुढची दोन दुसऱ्याकडे, हे कसं चालेल? डीएड झालेला शिक्षक आणि काही दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली सेविका यांत फरक आहेच. 'आकार' या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका कपाटात ठेवून शिक्षण होत नसतं.

ऋजुता
डीएडमध्ये तीन वर्षांच्या मुलाबद्दल किती शिकवतात हो? अशा शिक्षकाच्या हाती हा वर्ग गेला की महिनाभरात बाकं, फळा, पाटी, म्हणजे पहिलीचीच धाकटी आवृत्ती. आणि अंतराचं काय? शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हा निकष सहा वर्षांच्या मुलासाठी आहे. तीन वर्षांचं मूल पाड्यावरून ओढा ओलांडून रोज कोण नेणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही ३ ते ६ साठी शासन व्यवस्था 'करू शकेल' एवढंच आहे, बंधन नाही. बजेट आटलं की पहिली कात्री तिथेच.

सई_पालक
तात्त्विक वाद चालू द्या. खाजगी नर्सरीतलं मूल चौथ्या वर्षी शंभरपर्यंत आकडे लिहितं, अंगणवाडीतलं फक्त गाणी म्हणतं. पालक कुठे जाणार?

चिकणमाती
हा आकड्यांचा हट्टच सगळा घोळ करतो. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातल्या आठ हाडांपैकी निम्मी तरी अजून कूर्चाच, म्हणजे मऊ, असतात. ते पेन्सिल मुठीत धरतं, खांद्यातून रेघ ओढतं आणि पाच मिनिटांत दमतं. दटावून गिरवून घेतलं की चुकीची पकड पक्की होते, ती पुढे सुटता सुटत नाही. आधी माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, कपड्यांचे चिमटे दाबणं, मग कात्री. खडू द्यायचा तर भिंतीवरच्या फळ्यावर, म्हणजे मनगट आपोआप मागे वळतं. आकार हाताला क्रमाने येतात : उभी रेघ, आडवी, गोल, मग अधिकचं चिन्ह, चौकोन, आणि त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी. ज्याला तिरपी रेघ जमत नाही त्याच्याकडून 'क्ष' काढून घेता?

सई_पालक
पण पहिलीत पहिल्याच आठवड्यात वाचायला लावतात, त्याचं काय? तिथे मूल मागे पडलं तर तुमची माती कामाला येणार नाही.

चिकणमाती
येते. वाचन कानापासून सुरू होतं. 'गवत' म्हणताना तीन टाळ्या, 'म'ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधणं, यमकाची बडबडगीतं. ज्याला शब्दाचे तुकडे ऐकू येतात त्याला ग, म, भ, न ही सारख्या वळणाची अक्षरं पटकन लागतात. पाच पूर्ण झालेल्या मुलाने स्वतःचं नाव लिहिलं तर माझी हरकत नाही, तेवढं मान्य करते. आणि पहिलीच्या सुरुवातीला 'विद्याप्रवेश'चे बारा आठवडे खेळासाठीच ठेवलेत. शाळा ते गाळतात, त्याचा जाब शाळेला विचारा.

रानवाट
टाळ्या कुठल्या शब्दावर वाजवणार? नंदुरबारच्या धडगावात घरी पावरी बोलतात, मेळघाटातल्या धारणीत कोरकू. सेविका मराठीत गोष्ट सांगते आणि मूल गप्प बसतं, मग त्याच्यावर 'मंद' असा शिक्का मारतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन बालशिक्षणाचं काम उभं केलं. ते मुलाच्या भाषेशिवाय जमलं नसतं. स्थानिक भाषा येणारी बाई नेमा, पदवी नंतर बघा.

अंजली_मुख्यसेविका
सहा सेवा मोजल्यात, मोबाइल राहिला. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये रोजची हजेरी, वजन-उंची, आणि टीएचआरसाठी चेहरा जुळवणं. आधारला जोडलेला नंबर बदललेला असतो, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, नवरा ऊसतोडीला. पाड्यावर रेंज नाही. चेहरा जुळेना म्हणून आई तीनदा डोळे मिचकावते आणि मागे वीस मुलं मोकाट. वजनही धड होत नाही : काटा शून्यावर आणलेला नसतो, दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून घ्यायची ती उभं करून घेतात. चुकलेला आकडा वेळेत भरला की अहवाल हिरवा!

खडूफळा
आहाराची चोरी थांबवायची नाही का मग? चेहरा जुळवणं त्यासाठीच आहे. दर वेळी सेविकेचीच बाजू. मुलांची बाजू कुणी घेणार की नाही?

अंजली_मुख्यसेविका
शब्द जपून वापरा. सेविका चोर नाही, मानधनावर राबते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेही इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर.

खडूफळा
'चोरी' शब्द मागे घेतो. जादा कार्यकर्तीचा मुद्दाही एका अटीवर मान्य : तिलाही उद्या मोबाइल देऊन दुसरी कारकून करणार नाही याची हमी कोण देणार?

ऋजुता
नेमणुकीच्या आदेशातच लिहायचं : नोंदवही नाही, ॲप नाही, निवडणुकीचं काम नाही, सर्वेक्षण नाही. सकाळचे दोन तास दार बंद, टीएचआर दुपारनंतर. पर्यवेक्षिकेने भेटीत वह्या तपासण्याऐवजी वीस मिनिटं मागे बसून बघायचं की किती मुलं बोलली आणि बाई किती बोलल्या.

खडूफळा
दुपारनंतर टीएचआर? मजुरीवरून बाया संध्याकाळी परततात.

अंजली_मुख्यसेविका
मग आठवड्यातला एक दिवस ठरवा, बाजाराचा. त्या दिवशी बाया गावातच असतात.