आजोबांच्या वहीतली ‘पट्टी’: १९९४ ची दक्षिण आफ्रिकेची निवडणूक

सावद्याची_लेक:
नमस्कार मंडळी. यंदा अखाजीला माहेरी गेले होते. माळ्यावरची पत्र्याची पेटी आवरताना आजोबांची वही हाती लागली. सगळा केळीचा हिशेब. किती घड, कोणाची मजुरी, मोटरचं लाइटबिल. मध्येच एप्रिल १९९४ ची चार पानं मात्र दक्षिण आफ्रिकेच्या निवडणुकीची, जिच्यात तिथल्या काळ्या लोकांना पहिल्यांदाच मत देता आलं!

मी तेव्हा नऊ वर्षांची. दुपारभर आई गच्चीवर बिबडे वाळत घालायची. संध्याकाळी अंगणात सडा मारून खाट टाकली की आजोबा रेडिओ छातीवर घेऊन पडायचे. बीबीसी हिंदी लागली की घरात कोणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. खरखर वाढली की मी एरियलची तार धरून उभी राहायचे, आणि ते हातानेच ‘अशीच थांब’ म्हणायचे.

२७ एप्रिलच्या पानावर मंडेलांबद्दल लिहिलंय: ‘मी बावन्न साली मत दिलं. हा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि आज पहिल्यांदा देतो आहे. फिनिक्सच्या शेजारी दिलं.’ खाली दोन रेघा.

आठवडाभर आधीचं एक वाक्य मला उलगडत नाही: ‘कागदाला खाली पट्टी चिकटवणार. बरं झालं. आता रक्त थांबेल.’ ही पट्टी कसली? कोणाला माहीत असेल तर सांगा. आजोबा १४ वर्षांचे असताना १९३६ च्या फैजपूर काँग्रेसमध्ये पाणी वाटायला होते. घरात हे सगळ्यांना पाठ आहे, पण आफ्रिकेचं कधी कोणी बोललं नाही.

धुळेकर_मास्तर:
ताई, ती पट्टी मतपत्रिकेची. तिथल्या नाताळ प्रांतात बुथेलेझींचा इंकाथा पक्ष आणि मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस यांच्या माणसांत वर्षानुवर्षं खुनाखुनी चालली होती, हजारो माणसं गेली. इंकाथाने निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. मतदान आठवड्यावर आलं तेव्हा, १९ एप्रिलला, ते तयार झाले. मतपत्रिका तर छापून झालेल्या! मग प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाशी इंकाथाच्या नावाची पट्टी चिकटवली. तिच्यावर बाकीच्या पक्षांसारखाच नेत्याचा फोटो होता, कारण कितीतरी मतदारांना अक्षरओळख नव्हती. त्या पट्टीवर पक्षाला ४३ जागा मिळाल्या. तुमच्या आजोबांनी बातमीतलं नेमकं तेच हेरलं.

मंडेलांनी मत दिलं ते डर्बनजवळ इनांडाच्या ओहलांगे शाळेत. ही शाळा काढणारे जॉन दुबे हे १९१२ साली त्यांच्या काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. मत देण्याआधी मंडेला दुबेंच्या समाधीवर जाऊन आले. गांधीजींचा १९०४ चा फिनिक्स आश्रम तिथून जवळच. म्हणून त्या दोन रेघा.

भुसावळ_जंक्शन:
माझ्या वडिलांच्या जुन्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका सोडून बाकी देशांसाठी वैध, असं छापलेलं होतं. लहानपणी मला वाटायचं, तिथे रोगराई असेल. वडिलांनी समजावलं तेव्हा कळलं, तिथल्या वर्णभेदामुळे. १९४६ लाच आपण त्यांच्याशी व्यापार तोडला होता. १९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपची त्यांच्याशी फायनल होती, आपण खेळलो नाही, कप त्यांना जाऊ दिला. राजनैतिक संबंध जुळले ते १९९३ च्या नोव्हेंबरात. मला त्या कपाचा आजही अभिमान वाटतो.

पांझराकाठ:
तुना आजानी वही वाचीसन डोया भरी उनात वं ताई. ती पानं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट होतात. सुती फडक्यात गुंडाळा.

सावद्याची_लेक:
मास्तर, किती आभार मानू. आत्ताच वडिलांना फोन लावून पट्टीचं सांगितलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘त्या आठवड्यात बाबा नीट जेवत नव्हते. आम्हाला वाटलं, उन्हाने.’

पुढची पानंही उतरवून देते. निकालाचं, मंडेलांच्या पक्षाच्या जागा: ‘४०० पैकी २५२.’ आणि १० मे, शपथविधीचा दिवस: ‘लाइट गेली. टीव्ही बंद. रेडिओवर ऐकलं. नातीने तार धरली. अखाजी तोंडावर, लेकींना आणायला गाडी सांगायची आहे. खालच्या मळ्यातले घड ३२.’