प्रति: पैसे घेऊन केलेले डीजे सामानाचे व्हिडिओ रिव्ह्यू
'पैसे घेतले म्हणून रिव्ह्यू खोटाच असं नाही', हे म्हणणं अर्धं पटलं. खोटं कोण फारसं बोलत नाही, गैरसोयीचं तेवढं गाळतात. स्पीकरवरचं '२००० वॅट' झोकात दाखवतात, पण तो पीकचा, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, मॅन्युअलात बघा, बऱ्याचदा निम्माच. आणि एसी खोलीत कंट्रोलर (गाणी मिक्स करायचं डीजेचं यंत्र) छानच चालणार की! आपल्याकडं बेळगावात विसर्जनाला ट्रॉलीवर जनरेटर, व्होल्टेज वर-खाली, त्यात पाऊस. ते कोण दाखवतंय? केंद्राच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांनुसार जाहिरात असल्याचं व्हिडिओतच स्पष्ट सांगायला पाहिजे; खाली डिस्क्रिप्शनमध्ये दडवलं असलं तर मी पुढं बघतच नाही. त्यापेक्षा निपाणी-खानापूरकडं सिस्टीम भाड्यानं देणाऱ्यांना गाठा आणि दोन सीझन वापरलेल्या कंट्रोलरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) स्वतः सरकवून बघा.