मदत हवी आहे: एमजीबीचा जुना गिअरबॉक्स किती किमतीला विकावा?

नमस्कार मंडळी. माझ्या १९६५ च्या एमजीबी रोडस्टरला (जुनी ब्रिटिश, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) पाच गिअरचा बॉक्स बसवलाय. काढलेला मूळ चार गिअरचा बॉक्स, त्याला जोडलेला लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारं जोड-यंत्र) आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट विकायचे आहेत. भंगारात घालायला जीव होत नाही.

हा जुन्या धाटणीचा, म्हणजे पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न कुरकुरता पडावा म्हणून वेग जुळवणारी रचना) नसलेला बॉक्स. १९६७ च्या अखेरीस चारही गिअरना सिंक्रो आले, पण तो बॉक्स आमच्या गाड्यांच्या अरुंद टनेलमध्ये (गिअरबॉक्सवरच्या फ्लोअरच्या उंचवट्यात) सरळ बसत नाही. त्यामुळे गाडी मूळ रूपात ठेवणाऱ्याला हाच लागतो, आणि तो त्याच्याच हाती जावा असं मनापासून वाटतं.

काढेपर्यंत ओव्हरड्राइव्ह स्विच दाबताच लागत होता. दुसरा गिअर मात्र घाईत टाकला की कुरकुरायचा. तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं तर तळाशी बारीक पितळी चमक दिसली. सिंक्रोची पितळी रिंग झिजली असणार. हे मी घेणाऱ्याला सांगणारच.

दुरुस्त केलेल्या बॉक्सच्या भावातून दुरुस्तीचा खर्च वजा करून किंमत धरू का? ओव्हरड्राइव्ह वेगळा विकला तर जास्त मिळतील, पण जोडी फोडणं बरोबर आहे का? आणि उघडून फोटो काढावेत, की न उघडलेलाच बॉक्स लोकांना जास्त भरवशाचा वाटतो? ज्यांनी असे भाग विकलेत किंवा घेतलेत, त्यांनी कृपया सांगा.