चार्जर लावला की गाडीच्या स्पीकरमधून कुईऽऽ आवाज, मदत हवी आहे

मंडळी, गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटमध्ये चार्जर लावून फोन ऑक्स केबलने स्टिरिओला जोडला की बारीक शिट्टी ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, म्हणजे मूळ अल्टरनेटरमध्ये (इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्रात) असावं. चार्जर काढला की एकदम शांत! त्यामुळे ग्राउंड लूपचा, म्हणजे चार्जर आणि ऑक्स केबल अशा दोन वाटांनी अर्थ जोडला जाऊन त्यातून आवाजात गोंगाट शिरण्याचा, संशय आहे. संथ आलाप ऐकताना ही शिट्टी तानपुऱ्यात मिसळते, फार त्रास होतो.

ऑक्स केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ही अर्थची जोडणी तोडून फक्त आवाज पुढे पाठवणारी छोटी डबी) टाकावा म्हणतोय, पण आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमुळे खर्ज पातळ होतो का? कोणी वापरलाय? की आधी स्टिरिओची अर्थ वायर रंग खरवडून बॉडीला घट्ट बसवून बघू? चांगला चार्जर घेऊन कोणाच्या गाडीतली अशी शिट्टी गेलीय का, तेही सांगा. लांबच्या प्रवासात फोनवर मॅप चालू असतो, त्यामुळे चार्जिंग बंद ठेवता येत नाही.