मदत हवी आहे : लेन्सला बुरशी आणि घरात पावणेदोन वर्षांचं पोर

मंडळी, मी चिपळूणला असते. लेक झाल्यापासून कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच. परवा ती अंगणातल्या डबक्यात पाय आपटत होती, म्हटलं चार फोटो काढू. बघते तर ५० एमएमच्या लेन्समध्ये कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशीच! चूक माझीच, पावसाळाभर बॅगेत बंद करून ठेवलेला. फोटोत अजून फारसं जाणवत नाही, पण उजेडाच्या दिशेने धरलं की सगळं धुरकट दिसतं.

एकाने सांगितलं, हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) टाकून ठेव, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. डबा आहे (लाडवांचा, हल्ली रिकामाच असतो). पण आमचं रत्न कुठलंही झाकण दिसलं की उघडतं, आणि आत असेल ते तोंडात. गेल्या आठवड्यात लेन्सचं मागचं झाकण चघळताना सापडली. त्या जेलच्या निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं, ते तर घरात नकोच. मग तुम्ही लहान मुलं असलेले लोक काय वापरता आणि ठेवता कुठे?

विजेवरची छोटी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्यावी का? इथे पावसात वीज तासन्‌तास जाते, तेवढ्यात आतली आर्द्रता किती चढते? आणि ही लेन्स साफ होईपर्यंत दुसरीपासून लांब ठेवू ना? उन्हात ठेव म्हणणाऱ्यांनी आधी इकडे ऊन पाठवावं.