इस्त्रीच्या तळाची काजळी : घरातल्या वस्तूंनी कशी काढता?

शाळा सुरू झाल्या आणि घरोघरी इस्त्र्या तापायला लागल्या. नाशिकमध्ये कपडे बाहेर टाकायची सोय गल्लोगल्ली आहे, पण रोजचा गणवेश आणि एमआयडीसीतली पहिली पाळी यांच्यासाठी पहाटे कोण दुकान उघडणार? घरचीच इस्त्री लागते. तिचा तळ काळा पडतो, कपड्यावर अडखळतो आणि नेमका पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तपकिरी पट्टा सोडतो.

हा धागा स्वयंपाकघरातल्या, देव्हाऱ्यातल्या, माळ्यावरच्या वस्तूंसाठी. दोन गोष्टी आवर्जून लिहा : तळ कशाचा आहे (साधा धातू, स्टील, की नॉनस्टिक) आणि डाग कशाचा होता. नुसतं ‘मीठ लावा, चकाचक होते’ एवढ्याने कुणाचंच भलं होत नाही.

सातपूरकर
आमची जुनी, जड, वाफेविना इस्त्री. तळ साधा, लेप वगैरे काही नाही. डाग टेरिकॉटचा. कंपनीच्या पँटी त्याच कापडाच्या, आणि धाकट्या भावाला बटण सुतीवर ठेवूनच इस्त्री फिरवायची सवय. बटणावरचे ठिपके उगाच नसतात हो : एक ठिपका म्हणजे साधारण ११०, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंशांच्या आसपास. टेरिकॉटला दोनच्या पुढे जायचं कारण नाही.

वितळून चिकटलेला धागा गार इस्त्रीवर खरवडत बसू नका, दगडासारखा असतो. इस्त्री मंद तापवायची, प्लग काढायचा आणि कुल्फीच्या काडीने कडेकडेने लोटायचं. डिंकासारखा मऊ होऊन गोळा होतो. सुरी, तारेची घासणी अजिबात नको. राहिलेल्या काळपटपणाला मीठ : कोऱ्या कागदावर बारीक मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री फिरवायची. कागद तपकिरी झाला की समजायचं निघतंय. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई तळाला लागते.

पाथर्डी फाटा
सातपूरकर, मिठाचा उपाय वाफेच्या इस्त्रीला करू नका असंही लिहा ना! कण भोकांत जाऊन बसतात.

आमचं दुखणं वेगळं. सोसायटीत बोअरचं पाणी, भयंकर जड. माहेरी गंगापूर धरणाचं नळाचं पाणी, तिथे असा त्रास कधी पाहिला नाही. इथे वाफेबरोबर पांढरे पापुद्रे पडायचे, आणि गडद कपड्यावर ते चुन्यासारखे उठून दिसतात. चुन्यासारखे म्हणजे जवळपास चुनाच तो, पाण्यातले क्षार. त्याला सोडा काही करत नाही, आंबटच लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन जुना टॉवेल भिजवला, पिळला, आणि गार इस्त्री त्यावर पालथी ठेवून दुपारची झोप काढली. नंतर कानात घालायच्या कापसाच्या काडीने एकेक भोक पुसलं. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवूनही हेच काम होतं, वास कमी येतो.

टाकीत मात्र व्हिनेगर ओतलं नाही. माझ्या इस्त्रीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट मनाई आहे, तुमच्याही बघून घ्या. त्याऐवजी टाकीत साधं पाणी भरून पूर्ण तापवली, प्लग काढला, मोरीत आडवी धरून वाफेचं बटण दाबत राहिले. पाण्याबरोबर भुगा बाहेर आला. आता टाकीत आरओचं पाणी घालते.

उत्तमनगर, सिडको
मेणबत्ती. कोमट तळावर घासायची, लगेच जाड सुती फडक्यावर इस्त्री फिरवायची. फक्त बिनभोकाच्या इस्त्रीला. भोकात मेण गेलं तर पुढच्या कपड्यावर तेलकट ठिपके पडणारच.

देवळाली कॅम्प
तापाच्या गोळीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पॅरासिटामॉलची गोळी चिमट्यात धरून गरम तळावर घासली की जळका थर सुटतो. मी औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणून सांगतो : ती १७० अंशांच्या आसपास वितळते, आणि तो पातळ झालेला पदार्थ काजळी सोडवतो. उपाय खरा आहे. पण धूर नाकाला झोंबतो, आणि चिमटा नसेल तर बोटं भाजतात. खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा. हा घरगुती उपाय म्हणायचा का, ते धागाकर्तीने ठरवावं.

धागाकर्ती
दादा, घरात असते म्हणून चालवून घेऊ. पण ‘नैसर्गिक’ म्हणवत नाही!

तांबट लेन
आमच्याकडे आजोबांची कोळशाची पितळी इस्त्री आहे, झाकणावर कोंबडा असलेली. शोभेला ठेवलेली नाही बरं का. वीज गेली की वडील अजून हौसेने कोळसे पेटवतात. पितळेला चिंच आणि मीठ, दुसरं काही लागत नाही. चिंच कोमट पाण्यात कोळून चोथ्यासकट चोळायची. काळपट थर आंबटात विरघळतो आणि खालून पिवळाजर्दपणा वर येतो, तो बघतच राहावा. लगेच स्वच्छ धुऊन कोरडी करायची. आंबट राहिलं तर हिरवं चढतं. मग चाळलेली राख कोरड्या फडक्यावर घेऊन एक हात. आजी रांगोळीने घासायची, पण चरे पडतात. गोवऱ्यांची राख आता भांडीबाजारातही सहज मिळत नाही, आम्ही गावाहून आणतो.

विजेच्या इस्त्रीला चिंच लावायचा मोह आवरा. चोथा कडेच्या फटीत जातो.

म्हसरूळ
खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावायचं जे खूळ आहे, ते मला पटत नाही. फसफसतं, छान दिसतं, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते खारट पाणी. जळक्या डागाला सोडा, क्षाराला व्हिनेगर, आणि वेगवेगळ्या वेळी. सोडा थोड्या पाण्यात दाटसर कालवून गार तळावर बोटाने चोळायचा, ओल्या फडक्याने पुसायचा. ॲल्युमिनियमवर रात्रभर ठेवू नका, काळवंडतं. धुण्याचा सोडा तर मुळीच नको, तो ॲल्युमिनियम खातो.

टूथपेस्टही चालते, पांढरी, साधी. जेलमध्ये घासायला तेवढं काही नसतं.

पाथर्डी फाटा
म्हसरूळकाका, फसफस बघायला पोरांना आवडते, तेवढा उपयोग मान्य करा.

कॉलेज रोड
नॉनस्टिकवाल्यांसाठी लिहिते, कारण आतापर्यंतचे निम्मे उपाय तिथे चालणार नाहीत. मीठ, राख, टूथपेस्ट यांनी लेपावर बारीक ओरखडे येतात आणि मग तिथेच जास्त चिकटतं.

माझा डाग खळीचा होता. सुती साड्यांना भाताच्या पेजेची खळ देते. ती ओलसर असताना इस्त्री फिरवली की पीठ तळावर भाजून बसतं. पिठाचाच डाग, त्याला पाणीच पुरतं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला जाड पंचा पसरायचा आणि इस्त्री कोमट असताना, प्लग काढून, त्यावर ठेवून द्यायची. थर फुगतो, मग नखही न लावता पुसला जातो. हट्टी असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब.

आणि साफसफाई झाली की लगेच रेशमाला हात घालू नका. सोडा भोकांत उरलेला असतोच. येवल्याची पैठणी आमच्याकडे उलट्या बाजूने, वर मलमलचं फडकं टाकून, दोन ठिपक्यांच्याही आत आणि वाफ बंद ठेवून होते. तरी त्याआधी इस्त्री पूर्ण तापवून वाफेचे चार-पाच झोत जुन्या उशीच्या अभ्र्यावर सोडते. अभ्र्यावर पांढरं किंवा तपकिरी काही उमटलं, तर पैठणी त्या दिवशी घडीतच राहते.