मदत हवी आहे: टॅटूतली बाबांची सही पसरत चाललीये

नमस्कार मंडळी. बाबा गेले त्या वर्षी, 2009 मध्ये, मी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला त्यांची सही गोंदवून घेतली. शेवटच्या अक्षरापासून मागे ओढलेली रेघ, खाली दोन टिंबं, अगदी पासबुकावर होती तशी. इतक्या वर्षांनीही माझा तिच्यावर तितकाच जीव आहे.

पण आता शाई पसरलीये. ‘श’ची गाठ बुजलीये, दोन टिंबांचं एकच झालंय, काळा रंग हिरवट दिसतो. आजीच्या कपाळावरचं गोंदणही हिरवटच होतं आणि तिला ते फार शोभायचं. सहीचं मात्र तसं नाही, ती वाचता यायला हवी.

टॅटूवाले म्हणतात, वरूनच गडद करू. मला ते पटत नाही, रेघा आणखी जाड होतील. त्वचेच्या डॉक्टर म्हणतात, आधी लेझरने (क्यू-स्विच्ड एनडी-याग) फिकं करा, मग नव्याने काढा. काळ्या शाईवर हे लेझर चांगलं चालतं, पण दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे थांबावं लागतं आणि सावळ्या त्वचेवर पांढरट किंवा काळपट डाग राहू शकतो. त्यात माझी त्वचा केलॉइडची, साधा व्रणसुद्धा उंच होतो.

सावळ्या त्वचेवर कुणी असं फिकं करून पुन्हा गोंदवलंय का? डाग गेले का, किती महिन्यांनी? केलॉइड असताना डॉक्टरांनी आधी छोट्या जागेवर चाचणी घेतली का? पुणे-मुंबईत बारीक हस्ताक्षर नीट काढणारं कुणी माहीत असेल, तर जुन्या, मुरलेल्या कामाचे फोटो दाखवाल का? ताज्या टॅटूवरून काही कळत नाही.